पटवाऱ्याच्या दप्तरापासून क्लाऊडपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख दे, असा समितीचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, मी वेगळं काय लिहू?" पलीकडून उत्तर आले, "लेका, तू पुण्यात एवढी वर्षं नेमकं करतोस काय, तेच लिही. आम्हाला अजून कोणालाच कळलेलं नाही."

हे खरे आहे. माझ्या आईला कोणी विचारले तर ती सांगते, "पोरगं कंप्युटरात रकाने आखते." तिचे हे उत्तर माझ्या कंपनीने दिलेल्या पदनामापेक्षा जास्त अचूक आहे. मोठ्या कारखान्यात किंवा बँकेत पन्नास प्रकारच्या संगणक प्रणाली असतात. एकीत ग्राहकाला 'ग्राहक' म्हणतात, दुसरीत 'खातेदार', तिसरीत 'पार्टी'. माणूस तोच, पण तीन ठिकाणी तीन नावांनी आणि तीन क्रमांकांनी बसलेला. या सगळ्यांचा एकच आराखडा तयार करायचा, कोणती गोष्ट म्हणजे काय, कोणाचे कोणाशी नाते काय, हे ठरवायचे आणि मग तो आराखडा प्रत्यक्ष डेटाबेसला व आता क्लाऊडला जोडायचा, हे माझे काम. त्या आराखड्याला एंटरप्राइज डेटा मॉडेल म्हणतात.

हे समजावून सांगायला परदेशी कंपन्यांचे दाखले द्यायची गरज नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात, ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर, अशाच एका मॉडेलचा कागद घडी घालून ठेवलेला आहे. त्याला आपण सातबारा म्हणतो. म्हणून या लेखात मी आपल्या भागातल्या जमिनीच्या नोंदींचा इतिहास सांगणार आहे. शेवटी आमच्या घरातली एक गोष्टही सांगेन. ती सांगायची की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला, पण त्या गोष्टीत आपल्या शाळेचा वाटा आहे.

साखळी आणि दगड

आठवीत भूगोलाच्या सरांनी आपल्याला एकदा मैदान मोजायला लावले होते. सुतळीला गाठी मारून आपण ३३ फुटांची दोरी केली आणि तिचे सोळा सारखे भाग पाडले. सर म्हणाले, "ही इंग्रजांच्या मोजणीदाराची साखळी. हिचा एक भाग म्हणजे एक आणा. अशी एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा." ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. सोळा आण्यांचा रुपया बंद होऊन जमाना झाला, पण वावरातला आणा आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात आपल्या शाळेच्या दिवसांपर्यंत होता.

जमिनीची मोजदाद इंग्रजांच्याही आधीची. अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, त्यात आपले मेहकर एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने निजामशाही मुलुखात जमीन पाहून धारा ठरवण्याची पद्धत बसवली. पुढे मोगल, निजाम आणि भोसले यांच्या ओढाताणीत सगळी घडी विस्कटली. १७२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला झालेल्या लढाईत पहिल्या निजामाने मुबारिझ खानाचा पराभव केला आणि दख्खनचा ताबा पक्का केला, हे आपण इतिहासात शिकलो. त्या विजयामुळे वऱ्हाडचा महसूल कोणाकडे जायचा हेही ठरले, हे मात्र तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्यानंतर १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे मोजणी सुरू झाली. या पद्धतीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे, सोलापूरकडे घातला होता आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती नियमबद्ध झाली होती. मोजणीदार वावराच्या कोपऱ्यावर दगड रोवायचा, साखळी टाकायचा, मातीचा थर किती खोल आहे, चुनखडी किती, पाणी साचते का, हे पाहून प्रत ठरवायचा. मग त्या तुकड्याला एक क्रमांक मिळायचा, तो सर्व्हे नंबर. आकारणी साधारण तीस वर्षांसाठी कायम राहायची.

माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिले तर त्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी गोष्ट हा क्रमांक आहे. त्याआधी वावर ओळखले जायचे ते 'पिंपळाजवळचे', 'नाल्याकाठचे', 'पाटलाच्या धुऱ्याला लागून असलेले' असे. पिंपळ पडला की ओळख बुडाली. सर्व्हे नंबर मालकावर, पिकावर किंवा झाडावर अवलंबून नव्हता. मालक मरो, विको, गहाण टाको, नंबर तोच. आम्ही आज डेटाबेसमध्ये प्रत्येक गोष्टीला असा एक कधीही न बदलणारा क्रमांक देतो आणि त्याला मुख्य किल्ली म्हणतो. ती किल्ली वऱ्हाडच्या काळ्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी दगडाच्या रूपाने रोवली गेली होती.

पटवाऱ्याचे दप्तर

आपल्याकडे तलाठ्याला जुनी माणसे अजून पटवारी म्हणतात. मुळात हे वतनी पद होते. गावाला पाटील आणि पटवारी, दोघेही वंशपरंपरेने. पटवाऱ्याच्या घरी लाल कापडात बांधलेले दप्तर असायचे. कोणते वावर कोणाचे, धारा किती आणि यंदा पेरले काय, एवढे त्या कापडात सामावलेले असे. पिकांच्या नोंदीला जुने लोक पेरेपत्रक म्हणत.

१९५६ साली आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्या वेळी राज्यात जमीन महसुलाचे तीन वेगवेगळे कायदे चालत होते. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १८७९ चा, मराठवाड्यात हैदराबादचा, आणि आपल्या विदर्भात मध्य प्रदेशचा १९५४ चा. आपल्या घाटावरच्या मंडळींना याचा अनुभव असेल. लोणार किंवा सिंदखेड राजाच्या पलीकडे जालन्याच्या बाजूला सोयरीक असली की दोन्ही घरच्या जमिनीच्या कागदांतले शब्दही जुळत नसत.

'महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६' हा या तिन्हींना एकत्र करणारा कायदा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. त्याखाली १९७१ मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम आले आणि राज्यभर एकाच साच्याचे गाव नमुने ठरले. तीन कंपन्या एकत्र झाल्यावर त्यांची खाती एका आराखड्यात बसवायची, हे काम आज आम्ही लाखो रुपये घेऊन करतो. महसूल खात्याने ते शाई आणि रूळ घेऊन केले.

हे नमुने कसे जोडलेले आहेत ते पाहा. नमुना १ म्हणजे आकारबंद, यात गावातला प्रत्येक भूमापन क्रमांक, त्याचे क्षेत्र आणि आकार. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, त्या क्रमांकावर कोणाचा कब्जा आहे आणि इतर कोणाचे हक्क किंवा बोजे आहेत. नमुना १२ म्हणजे पिके. ७ आणि १२ एका कागदावर आले म्हणून सातबारा. नमुना ८-अ मध्ये उलट दिशेने पाहायचे. तिथे क्रमांकाऐवजी खातेदार धरायचा आणि त्याच्या नावावर गावात कुठे कुठे, किती जमीन आहे ते वाचायचे. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमिनीच्या हक्कात कोणताही बदल झाला, खरेदी, वारस, वाटणी, बोजा, की तो आधी सहामध्ये लिहायचा आणि मगच सातमध्ये उतरवायचा.

यातला शिस्तीचा भाग फार सुंदर आहे. फेरफार लिहिला की तलाठी सातबाऱ्यावर नुसती पेन्सिलने खूण करी. मग संबंधितांना नोटीस, चावडीवर प्रत, हरकतीसाठी पंधरा दिवस. कोणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि तेव्हाच पेन्सिलवर शाई फिरे. जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा. म्हणजे कोणालाही कधीही मागे जाऊन पाहता यावे की हे नाव आले कुठून आणि ते नाव गेले का.

१९७० च्या जूनमध्ये आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला किल्ली असावी, एका तक्त्यातली किल्ली दुसऱ्या तक्त्यात लिहून दोघांचे नाते जोडावे, असा त्याचा गाभा होता. जगातल्या बहुतेक बँका, रेल्वे आणि रुग्णालयांचे डेटाबेस आज त्याच पायावर उभे आहेत. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांची नाती चित्राने दाखवायची पद्धत मांडली. पुण्याच्या कॉलेजात हे शिकत असताना मला सारखे वाटत होते की आपण हे कुठेतरी पाहिले आहे. मग लक्षात आले, बाबांबरोबर पीककर्जाच्या कागदांसाठी गेलो की तलाठी सातवरून आठ-अ वर आणि तिथून सहावर बोट फिरवत जायचा. तो नाती जोडत होता.

संगणक आला

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकात भरण्याची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली. महाराष्ट्रातून निवड झाली ती आपल्या विदर्भातल्या वर्धा जिल्ह्याची. पुढे योजना इतर जिल्ह्यांत पसरली. २००८ मध्ये तिला राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाचे रूप मिळाले आणि २०१६ पासून ती डिजिटल इंडियाच्या छत्राखाली आली.

काम अवघड होते. एक तर अक्षरे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक देवनागरी फॉन्टचा आतला हिशेब वेगळा असे, एका संगणकावरचे 'पाटील' दुसऱ्यावर भलतेच काही दिसे. पुण्याच्या सी-डॅकने या बाबतीत मोठे काम केले, तरी जुनी माहिती नव्या लिपीत आणताना नावे मोडतच. दुसरे, मोजमाप. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले होते आणि जुने पोटहिस्से नव्या आकड्यांत बसवताना शेवटचा आर इकडेतिकडे होई. तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे हस्तलिखित सातबाऱ्यावरची ती दाटी. कंस, वर्तुळे, कोपऱ्यात तिरके लिहिलेले बोजे, दोन ओळींच्या मध्ये घुसवलेले नाव. वर्षानुवर्षे ते पान हाताळणाऱ्या तलाठ्याला ते वाचता येई. रोजंदारीवर टंकलेखन करणाऱ्या मुलाला ते कसे यावे?

त्यातून संगणकाने एक प्रश्न उघडा पाडला. हस्तलिखितात सातबाऱ्याचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल तरी कागद काही बोलत नसे. संगणक बोलू लागला. आकारबंदाशी मेळ नाही, खात्याचा क्रमांक दोनदा आलेला, फेरफार आहे पण सातबाऱ्यावर परिणाम नाही, अशा विसंगतींचे अहवाल निघू लागले. गावोगावच्या तलाठ्यांनी रात्री जागून त्या निस्तरल्या. इंटरनेट रात्रीच चाले, हे आपल्यापैकी महसुलात असलेल्या मित्रांना आठवत असेल.

मग आली ई-फेरफार. आधी दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत व्हायचे, आणि ते झाल्याचे तलाठ्याला कळायला महिने जायचे. मधल्या काळात तीच जमीन दुसऱ्याला विकणारे महाभागही होते. आता दस्त नोंदला की त्याची माहिती संगणकातूनच महसूल खात्याकडे जाते आणि फेरफाराची नोंद तयार होते. ऐकायला हे सोपे आहे. पण नोंदणी खात्याचा आराखडा दस्ताभोवती बांधलेला, कोणी दिले, कोणी घेतले, किती रुपयांना. महसूल खात्याचा आराखडा जमिनीच्या तुकड्याभोवती. या दोघांना जोडायचे म्हणजे गावाचा एकच संकेतांक, गटाचा एकच क्रमांक आणि खातेदाराची एकच ओळख दोन्हीकडे मान्य व्हायला हवी. आमच्या धंद्यात यालाच मॉडेल डेटाबेसला जोडणे म्हणतात, आणि नव्वद टक्के मेहनत तारा जोडण्यात नाही, शब्दांचा अर्थ जुळवण्यात जाते.

तालुक्याच्या ठिकाणच्या सर्व्हरवरची माहिती पुढे राज्याच्या डेटा सेंटरमध्ये आली आणि त्यानंतर क्लाऊडवर. केंद्राचा 'मेघराज' हा सरकारी क्लाऊड २०१४ चा, महाराष्ट्राचे सार्वजनिक क्लाऊड धोरण २०१८ चे. क्लाऊड म्हणजे ढग नव्हे हे आता सर्वांना माहीत आहे. ती कुठल्यातरी शहरातल्या थंड केलेल्या इमारतीतली यंत्रेच आहेत. फरक इतकाच की तालुक्याचे यंत्र बंद पडले तर तालुका बंद पडे; इथे एक यंत्र बंद पडले तर दुसरे काम उचलते, आणि कर्जमाफीच्या दिवसांत लाखो लोक एकदम आले तर जास्तीची यंत्रे लावता येतात. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. आज पंधरा रुपयांत तो मोबाइलवर मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि नमुना १२ भरण्याचे काम कास्तकाराच्या हातात आले. तो स्वतः धुऱ्यावर उभा राहून तूर, सोयाबीन, पऱ्हाटीचा फोटो काढतो.

आमचा सातबारा

आता घरातली गोष्ट.

माझ्या आजोबांनी स्वतःच्या कमाईतून आठ एकर वावर घेतले होते. सातबाऱ्यावर ३ हेक्टर २४ आर. ते १९८१ मध्ये गेले. आजी आधीच गेली होती. वारस दोघे, माझे बाबा आणि आत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कब्जेदार म्हणून बाबांचे एकट्याचे नाव लागले आणि आत्याचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात गेले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिलेला होता. पण गावात लेकीचे नाव इतर हक्कात लिहिणे हीच मोठी गोष्ट समजली जायची, आणि लेकीही भावाशी बिघडायला नको म्हणून गप्प राहायच्या.

सातबारा संगणकात भरला गेला तेव्हा ते नाव राहून गेले. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. ती ओळ बोज्यांच्या गर्दीत तिरकी लिहिलेली होती. आराखड्यात इतर हक्काचा रकाना होता, डेटाबेसमध्येही होता. तो आमच्या गटापुरता रिकामा राहिला. बाबा २००९ मध्ये वारले, आणि आई, धाकटा भाऊ व मी अशी तीन नावे स्वच्छ टाइपात लागली.

२०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले. चुका असतील तर लोकांनी सांगाव्यात म्हणून. मी सुट्टीवर आलो होतो. मारुतीच्या पारावर वाचन चालू होते. आमचा गट आला. क्षेत्र वाचले, आमची तीन नावे वाचली, इतर हक्क निरंक. आणि पुढचा गट सुरू झाला.

आत्याचे नाव तिथे होते हे मला माहीत होते. लहानपणी बाबांच्या ट्रंकेतला हाताने लिहिलेला उतारा मी अनेकदा पाहिला होता. माझा धंदाच असा की माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना काय गळाले हे शोधायचे. त्याबद्दल मला पगार मिळतो. त्या दिवशी मी हात वर केला नाही. भाऊ वावर कसतो, आत्या सुखात आहे, आता कशाला, असे मनात म्हणालो आणि घरी येऊन जेवलो.

दोन वर्षांनी आत्याचे यजमान गेले आणि तिची परिस्थिती बदलली. एका लग्नात तिने मला बाजूला घेऊन विचारले, "तू कंप्युटरवाला हायेस. माह्यं नाव पाह्य बरं, आहे का त्यात?" मी मोबाइलवर पाहायचे सोंगही करू शकलो नाही. म्हणालो, "नाही आत्या. होतं, पण गळालं." ती म्हणाली, "तुले माहीत होतं?" मी मान हलवली. ती काहीच बोलली नाही, पंगतीत वाढायला निघून गेली.

त्यानंतर मी अर्ज केला. अशा लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली होते. हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल मिळाली, १९८१ च्या वारस फेरफाराची नक्कलही मिळाली. अडले ते भलतीकडेच. फेरफारात आत्याचे माहेरचे नाव होते आणि तिच्या आधार कार्डावर सासरचे, नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले, कारण लग्नात नावही बदलायची पद्धत होती. ही बाई तीच, याचा पुरावा काय? तिचा जन्मदाखला नाही. लग्न नोंदलेले नाही. दोन कागदांतल्या दोन बायकांना जोडणारी किल्ली कुठेच नव्हती.

तेव्हा आत्याच म्हणाली, "मी सातवीपावतर शाळेत व्हती की."

आपल्या शाळेत. १९६७ साली सातवी करून तिने शाळा सोडली होती. मी शाळेत गेलो. कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर निघाले, पाने पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई शाबूत. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, दाखल क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात तेव्हाच्या हेडमास्तरांच्या बारीक अक्षरात शेरा: लग्न ठरल्याने शाळा सोडली, आणि पुढे सासरच्या गावाचे नाव. एवढे लिहायची त्यांना काही गरज नव्हती. रकाना छोटा होता. तरी लिहिले. त्या एका ओळीने आणि आत्याच्या प्रतिज्ञापत्राने काम झाले. दुरुस्तीचा आदेश निघाला आणि इतर हक्कात तिचे नाव परत आले.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरे वाटले असते. पण आत्याने सरळ विचारले, "या रकान्यातल्या नावावर मले पीककर्ज भेटते का?" भेटत नाही. त्यासाठी कब्जेदारात नाव लागते. मग वाटणीचा विषय निघाला, कलम ८५ खाली. आठातले चार एकर. भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याचेही चुकले असे मी म्हणणार नाही. वीस वर्षे घाम त्याने गाळला होता, मी पुण्यात रकाने आखत होतो. आज १ हेक्टर ६२ आर आत्याच्या नावावर आहेत. भाऊच ते बटाईने करतो आणि दर दिवाळीला तिच्याकडे हिशेब घेऊन जातो. दोघांचे बरे चालले आहे. माझ्याशी भाऊ बोलतो, पण आधीसारखा नाही.

आपल्या यादीबद्दल

हे सगळे लिहायचे कारण एवढेच नाही. स्नेहमेळाव्यासाठी आपल्या तुकडीची यादी समितीने मला पाठवली आणि मी ती सवयीने तपासली. आपल्या वर्गात चौदा मुली होत्या. व्हॉट्सॲप गटात तिघी आहेत. मुलगे मात्र जवळजवळ सगळे सापडले. कारण सरळ आहे. यादी नाव आणि आडनावावरून शोधून केली, आणि मुलींची दोन्ही बदललेली. आत्याच्या बाबतीत जे सरकारी कागदात झाले तेच आपण आपल्या यादीत, कोणाच्याही मनात काही वाईट नसताना, केले आहे.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे संगणकात घ्यायचा ठराव मेळाव्यात येणार आहे, त्यासाठी लागेल ते काम मी विनामोबदला करीन. आराखडा मी आखून देतो. किल्ली म्हणून दाखल क्रमांक धरू, नाव नाही. नाव बदलले तर जुने खोडायचे नाही, पटवाऱ्यासारखा कंस करायचा आणि नवे शेजारी लिहायचे. शेऱ्याचा रकाना मोठा ठेवू. प्रती दोन ठेवू, एक क्लाऊडवर आणि एक शाळेच्या कपाटात. मूळ रजिस्टरे मात्र रद्दीत जाऊ द्यायची नाहीत. वाळवीचे औषध घालून ती जपायची.

आणि भरून झाल्यावर एक दिवस शाळेच्या मैदानावर ती यादी मोठ्याने वाचू. ज्यांना कोणाचे नाव राहून गेले असे वाटेल त्यांनी तिथेच हात वर करावा. या वेळी मी पुढच्या रांगेत बसेन.